कपाटातल्या कॅसेट, त्यातला आवाज आणि आपली जबाबदारी

आखाती देशात कमवायला गेलेल्या माणसाशी बोलणे आज चुटकीसरशी होते. १९७० आणि १९८० च्या दशकांत तसे नव्हते. गावात एखाद्याच घरी फोन असायचा, ट्रंक कॉल महाग पडायचा आणि पत्र पोहोचायला दिवसच्या दिवस जायचे. तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत कॅसेट हेच पत्र होते. कुवेत, दुबई किंवा दम्मामहून सुट्टीवर येणारा कुणी ओळखीचा माणूस सामानात कॅसेट घेऊन यायचा. टू-इन-वनभोवती बसून सगळे घर ती ऐकायचे. मग घरच्यांचे बोलणे भरलेली कॅसेट परत जाणाऱ्याच्या हाती दिली जायची.

घाटावरच्या, मराठवाड्यातल्या घरांत अशी पत्रे कमी असतील, पण तिथेही कॅसेट आहेतच. निकाहाच्या आदल्या रात्री बायकांनी म्हटलेली हळदीची गाणी, मोहल्ल्यातल्या मशिदीतले एखादे बयान, मुलाने पहिल्यांदा न अडखळता वाचलेली सूरत, दादीने सांगितलेल्या गोष्टी, असे बरेच काही या फितींवर आहे. बाजारातून विकत आणलेल्या कॅसेटची फार काळजी नको. कारी अब्दुल बासित यांची तिलावत किंवा अझीझ नाझां यांची कव्वाली आज सहज ऐकायला मिळते. घरी भरलेल्या कॅसेटची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते.

म्हणून अनेक घरांत कुणीतरी या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसतो. पहिल्याच दिवशी आवाज दबका येतो, थरथरतो, एका कानातच ऐकू येतो किंवा नुसती भुणभुण येते. 'कॅसेटच खराब झाली' असे ठरवून डबा परत माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे. खरे तर पुष्कळदा फितीवरचा आवाज शाबूत असतो. दोष असतो तो आवाज वाचणाऱ्या यंत्रात, मधल्या तारेत किंवा कॉम्प्युटरच्या एखाद्या बटणात. या लेखाचे सांगणे एवढेच आहे: वाईट ऐकू आली म्हणून कॅसेट टाकू नका, आणि कॉम्प्युटरवर आवाज 'साफ' करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा.

दोष शोधायची सोपी रीत

आवाजाचा प्रवास चार टप्प्यांचा आहे: फीत, प्लेअर, तार आणि कॉम्प्युटर. आधी प्लेअरला थेट हेडफोन लावून ऐका. दोष तिथेच ऐकू आला तर तो फितीत किंवा प्लेअरमध्ये आहे आणि कॉम्प्युटरशी झगडण्यात अर्थ नाही. हेडफोनमध्ये आवाज चांगला असेल आणि रेकॉर्डिंगमध्ये वाईट, तर दोष तारेत किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे.

फीत की प्लेअर हे ठरवायला दुसरी, बाजारातली चांगली कॅसेट त्याच प्लेअरवर लावा. तीही तशीच वाईट वाजली तर प्लेअर दोषी. ती स्वच्छ वाजली तर दोष आपल्या कॅसेटमध्ये, किंवा ती ज्या यंत्रावर भरली गेली त्या यंत्रात. या दोन चाचण्यांना पाच मिनिटे लागतात आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

वाजवण्याआधी

प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला, म्हणजे फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर नवे रेकॉर्डिंग होऊ शकत नाही. घाईत चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तर मरहूम वालिदांचा आवाज कायमचा पुसला जाईल. म्हणून सर्वांत आधी या पट्ट्या मोडा.

मग कॅसेट उजेडात धरून काचेतून पाहा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात हे नेहमीचेच. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कोरडी होऊ द्या आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. श्वासातून बुरशी आत जाऊ नये म्हणून तिला हात लावताना तोंडाला मास्क असू द्या.

फीत ठीक दिसली तर कॅसेट एकदा पूर्ण पुढे पळवा आणि पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षे एकाच अवस्थेत पडलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटल्यासारखे, कुठे सैल कुठे घट्ट झालेले असतात. ते सारखे होतात. शांत जागी शब्दाच्या आधी तोच शब्द पुसट ऐकू येतो, तो एका वेढ्यातले चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटल्याने. फीत अशी पुढेमागे पळवल्यावर तेही थोडे कमी होते.

आणि सर्वांत मोलाची कॅसेट पहिल्यांदा लावू नका. हात आणि यंत्र दोन्ही बाजारातल्या कॅसेटवर बसवून घ्या.

आवाज दबका, उशीखालून आल्यासारखा

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. स, श, च ही अक्षरे पुसट होतात आणि माणूस तोंडावर रुमाल धरून बोलतोय असे वाटते. याची चार कारणे क्रमाने तपासा.

पहिले, मळलेले हेड. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही कॅसेट बाजारात आणली, तेव्हापासून तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद आहे. स्टिरिओ कॅसेटमध्ये तेवढ्याच रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे असतात. एकेक पट्टा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा. फितीवरची तपकिरी भुकटी हेडवर साचली की फीत आणि हेड यांच्यात फट पडते, आणि सर्वांत आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा. हे औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळणारे सफाईचे रसायन आहे. हाताचे सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असू शकते आणि त्याचा थर मागे राहतो. काडी तपकिरी निघणे थांबेपर्यंत पुसा आणि पाच मिनिटे वाळू द्या. दर चार-पाच कॅसेटनंतर पुन्हा पुसा.

दुसरे, कॅसेटमधली छोटी गादी. फितीच्या मागे, मधोमध, पितळी पट्टीवर फेल्टचा एक चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दबका होतो, मधूनमधून नाहीसाही होतो. उपाय सोपा आहे. स्क्रूची दुसरी, बिनकामाची कॅसेट घ्या, तिचे कवच उघडा आणि आपली फीत तिच्यात बसवा. आपली कॅसेट चिकटवून बंद केलेली, बिनस्क्रूची असेल तर कडेने हलक्या हाताने उचकटावी लागेल. हे काम आधी टाकाऊ कॅसेटवर करून पाहा.

तिसरे, हेडचा कोन. हेड फितीला अगदी काटकोनात हवे. ते केसभर तिरके झाले तरी तीक्ष्ण आवाज जातो. अडचण अशी की कॅसेट ज्या टू-इन-वनवर भरली, त्याचेच हेड तिरके असेल तर आपल्या नीट प्लेअरवरही ती दबकीच वाजेल. म्हणून कोन कॅसेटप्रमाणे बदलावा लागतो. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. त्यांतल्या एकाखाली बारीक स्प्रिंग असते किंवा त्यावर रंगाचा ठिपका असतो, तोच फिरवायचा. कॅसेट वाजत असताना, चुंबक नसलेल्या बारीक पेचकसाने तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. अक्षरे जिथे सर्वांत टोकदार ऐकू येतील तिथे थांबा. आधीची जागा खुणेने लक्षात ठेवा, म्हणजे काम झाल्यावर परत आणता येईल. आवाज दोन्ही वाहिन्या एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये ऐकला तर फरक लवकर कळतो. हा एक स्क्रू पुष्कळ 'मेलेल्या' कॅसेट जिवंत करतो, आणि हे काम नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तितके चांगले होत नाही.

चौथे, बटणे. प्लेअरवर डॉल्बीचे बटण चालू असेल आणि कॅसेट डॉल्बीशिवाय भरलेली असेल तर आवाज दबतो. घरगुती टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटना डॉल्बी बहुधा नसते, म्हणून ते बंद ठेवा. 'नॉर्मल' आणि 'क्रोम' असा खटका असेल तर साध्या कॅसेटसाठी नॉर्मल हवा. क्रोमवर साधी कॅसेट लावली तरीही आवाज दबका होतो.

आवाज थरथरतो, रडल्यासारखा येतो

फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या एकाच वेगाने सरकली पाहिजे. एक बारीक फिरता दांडा आणि त्याला टेकलेले रबरी चाक ती ओढतात. चाक मळले, कडक झाले किंवा आतला रबरी पट्टा सैल पडला की वेग हलतो. तिलावतीत किंवा बाजाच्या पेटीच्या लांब सुरात हे लगेच कळते; सूर लाटेसारखा वरखाली जातो. दांडा अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला मात्र सौम्य साबणाचे पाणी लावलेली, घट्ट पिळलेली फडकी पुरे. अल्कोहोल वारंवार लावले तर काही रबर कडक होतात. पट्टा सैल असेल तर रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून घ्या.

बाजारात थेट यूएसबीची तार असलेले, हातात मावणारे स्वस्त कॅसेट प्लेअर मिळतात. ते सोयीचे दिसतात, पण त्यांतल्या अनेकांचा वेग स्थिर नसतो आणि काही फक्त मोनो असतात. घरात किंवा नात्यात जुना, चांगल्या कंपनीचा डेक पडून असेल तर त्याची दुरुस्ती करून घेणे जास्त फायद्याचे.

फक्त एकच कॅसेट थरथरत असेल तर तिची फीत आत घट्ट बसली असावी. ती एकदा पुढेमागे पळवा, तळहातावर हलकेच आपटा. तरीही फरक नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे कवच बदला.

आवाज बारीक झाला किंवा जाड झाला

वडिलांचा आवाज पोरासारखा बारीक आणि घाईचा येतो? याचे एक नेहमीचे कारण रेकॉर्डिंगच्या वेळचे आहे. सेल उतरत आलेल्या टेपवर भरताना फीत हळू सरकते. नंतर ती योग्य वेगाने वाजवली की बोलणे जलद आणि बारीक होते. अशा कॅसेटमध्ये शेवटाकडे आवाज अधिकाधिक बारीक होत जातो, कारण सेल उतरतच गेलेले असतात. हा कॅसेटचाही दोष नाही, प्लेअरचाही नाही. तो कॉम्प्युटरवर वेग बदलून दुरुस्त होतो. शेवटाकडचा भाग तुकड्यातुकड्याने थोडा जास्त हळू करावा लागतो.

सगळ्याच कॅसेट जलद किंवा हळू वाजत असतील तर मात्र प्लेअर दोषी. तो असा तपासा. बाजारातल्या कॅसेटमधले एक गाणे किंवा नात निवडा, जिचे तेच रेकॉर्डिंग डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे. डिजिटलमध्ये ते ४ मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे आहे आणि तुमच्या प्लेअरवर २३२ सेकंदांत संपते, असे समजा. म्हणजे प्लेअर सुमारे साडेतीन टक्के जलद आहे. बहुतेक प्लेअरच्या मोटरमागे छिद्रातून फिरवायचा बारीक स्क्रू असतो, तो फिरवून मेकॅनिक वेग बरोबर करून देतो.

शेवटचा निवाडा मात्र घरच्या कानांचा. ज्यांनी त्या माणसाबरोबर आयुष्य काढले, त्या अम्मीला किंवा फुफीला ऐकवा. 'हो, असेच बोलायचे' असे त्या म्हणाल्या की वेग बरोबर आहे.

एकाच कानात आवाज, किंवा मागे उलटे बोलणे

आवाज एकाच बाजूला येत असेल तर प्लेअरकडची तारेची टोके अदलाबदल करून पाहा. गेलेली बाजू बदलली तर दोष प्लेअरमध्ये, बहुधा हेड मळलेले आहे. तीच राहिली तर तार किंवा पुढचा भाग खराब. लॅपटॉपला एकच गोल जॅक असेल तर त्यातला माइकचा मार्ग बहुधा मोनो असतो, त्यामुळेही एक बाजू जाते. घरगुती कॅसेट बहुतेक मोनोच असतात. चांगली बाजू निवडून ती दोन्हीकडे ठेवली की काम भागते.

मागे पुसटसे, न कळणारे, उलटे बोलणे ऐकू आले तर घाबरू नका. तो कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा आवाज आहे. हेड जरा वर किंवा खाली सरकले की ते शेजारचा पट्टाही वाचते, आणि दुसरी बाजू त्याला शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकू येते. हेडची उंची मेकॅनिककडून बसवून घ्या.

भुणभुण आणि घरघर

मागे सतत एक जाड भुणभुण येते ती विजेची. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, म्हणून ती ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. कॅसेट थांबवा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. भुणभुण चालूच राहिली तर ती तारांमधून येते आहे. थांबली तर ती फितीवरच भरलेली आहे.

तारांमधून येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच ती जाते. प्लेअर आणि कॉम्प्युटर एकाच विजेच्या पट्टीवर लावा. आवाजाची तार चार्जरपासून आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर ठेवा. तार आखूड आणि चांगली असावी. फितीवरच भरलेली भुणभुण नंतर सॉफ्टवेअरमध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झ एवढेच नेमके सूर कापून बरीच कमी होते.

आवाज फाटतो

प्लेअरच्या लाइन आउटमधून येणारा विजेचा दाब साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. माइकचे भोक काही सहस्रांश व्होल्टसाठी केलेले असते. लाइनची तार माइकच्या भोकात घातली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर पूर्ण दुरुस्त होत नाही. म्हणून लाइन इन असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्या. लॅपटॉप नसेल तर ओटीजी जोडणीने फोनला चालणारी कार्डेही मिळतात. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून तार काढायची असेल तर प्लेअरचा आवाज निम्म्यावर ठेवा. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करणे हा सर्वांत वाईट मार्ग. त्यात खोलीही रेकॉर्ड होते.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरेसे आहे. रेकॉर्डिंगआधी कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज शोधा: टाळ्या, लहान मुलाचे किंचाळणे, मांडवातला बँड. तिथेही पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतपत आवाज ठेवा. थोडा कमी भरला गेला तर नंतर वाढवता येतो.

आवाज आपोआप लहानमोठा होत असेल, बोलणे थांबले की मागचे सगळे गिळल्यासारखे होत असेल, तर कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज सुधारण्याच्या आणि नॉइज कमी करण्याच्या ज्या खुणा चालू असतात त्या बंद करा. त्या फोनवरच्या बोलण्यासाठी असतात. कॅसेटचा 'स्स्स' आवाज त्यांना कचरा वाटतो आणि त्याबरोबर शब्दांच्या कडाही जातात.

साफ करताना हात आखडता

कॅसेटमध्ये थोडा 'स्स्स' आवाज राहणारच. ऑडॅसिटीमध्ये बोलणे नसलेला एखादा सेकंद निवडून त्याच्या आधाराने हा आवाज कमी करता येतो. पण जास्त केले की माणूस पाण्याखालून बोलतोय असे वाटू लागते. ६ ते १० डेसिबलपर्यंत थांबा. आणि हे नेहमी प्रतीवर करा, मूळ रेकॉर्डिंगवर कधीच नको. उद्या याहून चांगले साधन येईल, तेव्हा मूळ हाताशी असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. यंत्राचा दोष वेगळा आणि घराचा आवाज वेगळा. दादी बोलत असताना मागून येणारी मगरिबची अजान, कौलांवरचा पाऊस, चुलीपाशी भांडे पडल्याचा आवाज, 'जरा हळू बोल, रेकॉर्ड होतंय' असे कुणीतरी दटावणे, हे काही बिघाड नाहीत. यातले एक अक्षरही कापू नका. भुणभुण काढा, अजान ठेवा.

ठेवायचे कुठे, कसे

मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशा रेकॉर्डिंगचा एक तास साधारण ६३५ एमबी घेतो. सी-६० च्या २० कॅसेट म्हणजे २० तास. ३२ जीबीत ते सहज मावतात. घरच्यांना ऐकवायला एमपी३ प्रत काढा. व्हॉट्सॲप ही पाठवायची जागा आहे, जतन करायची नव्हे. फोन बदलला की तिथले जाते. तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या शहरातल्या भावाबहिणीकडे. एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका.

प्रत्येक फाइलच्या नावात साल, गाव, बोलणारे आणि कॅसेटची बाजू लिहा. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. काम झाल्यावर मूळ कॅसेट टाकू नका. कोरड्या जागी, उभ्या, स्पीकरपासून दूर ठेवा.

हे सगळे दुकानदाराकडून करून घ्यायचे असेल तर आधी तीन प्रश्न विचारा. साफ न केलेली मूळ डब्ल्यूएव्ही फाइल देणार का? हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी बसवता का? मूळ कॅसेट परत मिळणार का? तिन्हींना 'हो' मिळाले तरच डबा द्या, तोही आधी दोनच कॅसेटचा.

ज्याचा आवाज, त्याची अमानत

कॅसेटचे पत्र हे पत्रच असते. त्यात नवराबायकोचे खासगी बोलणे असते, पैशांच्या अडचणी असतात, एखाद्या नातेवाइकाबद्दल रागाच्या भरात बोललेले शब्द असतात. तो नातेवाईक किंवा त्याची मुले आज आपल्याच फॅमिली ग्रुपमध्ये असतात. म्हणून फाइल तयार झाली की लगेच सगळ्यांना पाठवू नका. ज्याच्या नावे ती कॅसेट आली होती, त्यांनी आधी एकांतात ऐकावी. ती हयात नसतील तर घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. वाटायचा भाग वेगळा कापून वाटा, बाकीचा जपून ठेवा. ज्यांच्याकडे आपल्या वडिलांचा एकही आवाज उरलेला नाही, अशा चुलत भावंडांना मात्र त्यांच्या वाटणीचा तुकडा शोधून जरूर पोहोचवा. अमानत ज्याची त्याला पोहोचवायची, ही शिकवण आवाजालाही लागू आहे.

आणि घाई कशाची करायची, तर फितीपेक्षाही ओळखणाऱ्यांची. कॅसेटमध्ये पाच जण बोलतात. त्यातली ती बारीक आवाजाची बाई कोण, मागून हसणारा मुलगा कोण, 'ते काम झाले का' म्हणजे कोणते काम, हे घरातल्या एखाद-दुसऱ्या वडीलधाऱ्यालाच ठाऊक असते. फीत नीट ठेवली तर अजून काही वर्षे टिकेल. हे सांगणारे माणूस किती दिवस असेल, ते अल्लाहलाच माहीत. म्हणून एका जुम्म्याला दुपारच्या जेवणानंतर खालाला किंवा नानाला हेडफोन द्या, एक कॅसेट लावा आणि वही घेऊन शेजारी बसा. कुणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल, ते म्हणतील तसे लिहून घ्या. आठवड्याला एक कॅसेट झाली तरी पुढच्या रमजानपर्यंत बराचसा डबा रिकामा झालेला असेल, इन्शाअल्लाह.